शिलेदाराचे मधले भाग

१२ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. वर दोन ओळींची जागा सोडली आहे. मनातून आला की भरीन.

तुम्हाला भोंग्या न म्हणता अहो-जाहो केलंय, त्यावरून काय ते समजा. मी या घरात आले तेव्हा तुम्ही अर्ध्या चड्डीत होतात. तेव्हापासून मी तुम्हाला अहो म्हटलं की तुम्ही पलंगाखाली जाऊन बसायचात. आता पलंगाखाली मावत नाही, म्हणून वेगळी खोली घेतलीत, असं तुमचे दादा म्हणाले.

फोन न करता पत्र का, तर फोनवर तुम्ही बोलता. भांडायला आलेली शेजारीण तुमची दोन वाक्यं ऐकून आमच्यावरच चिडून घरी गेलेली मी पाहिली आहे. कागदावर तुम्हाला आवाज नाही. इथे बोलायचं ते मी.

पहिलं म्हणजे, परवा स्टुडिओचं दार तुम्ही आपटून गेलात. त्या दाराला आतून गादी लावलेली आहे, हे इतकी वर्षं तिथे काम करून विसरलात. आवाज झालाच नाही. काचेतून तुमचं तोंड दिसलं. पुन्हा येऊन आपटावं की काय, असा विचार तुम्ही करत होतात. दादा हसले. मी हसले नाही, कारण माझं रक्त उकळत होतं.

आता मुद्दा. ही काही आपली पहिली मालिका नाही. परदेशातून चित्रं येतात, मी आपल्या भाषेत संवाद लिहिते, पात्रांच्या ओठांशी शब्द जुळवते, तुम्ही बोलता, दादा ध्वनी मुद्रित करतात. चूल तीच, स्वैपाकी तेच. पण हा शिलेदार मिळाला आणि तुमच्या डोक्यात वारं शिरलं. मुलं रस्त्यात तुम्हाला पाहून ओरडायला लागली, "बाजूला व्हा, मी आलोय." ते वाक्य मी लिहिलंय, बरं का. तुम्ही फक्त ओरडलात.

चॅनेलच्या बाईंना जाहिरातीसाठी शेवटचा भाग आधी हवा होता. त्यामुळे सुरुवातीचे भाग झाल्यावर आपण एकदम शेवट मुद्रित केला. मधले अकरा भाग राहिले. माणूस जिन्याची पहिली पायरी चढून थेट गच्चीवर उभा राहिला, तसं ते झालं. आणि त्या शेवटच्या भागात तुम्ही काय केलंत? आवाज जड केलात. घशात खडे भरल्यासारखा. शिलेदार मोठा झाला म्हणजे त्याला पडसं झालं, असा तुमचा समज दिसतो.

तेही चालवून घेतलं असतं. पण त्याचे श्वास कुठे आहेत? पुलावर तो एकटा उभा आहे, ढाल फुटली आहे, अर्धा भाग तो बोलतच नाही, नुसता दमतो. ते दमणं तुम्ही मुद्रित केलंच नाहीत. "मूळ नटाचे श्वास वेगळ्या ट्रॅकवर आलेत ना, तेच राहू देत," असं दादांना सांगून मोकळे झालात. आयत्या बिळावर नागोबा. पडद्यावर एक माणूस, श्वास परक्याचा आणि शब्द तुमचे. मी म्हटलं, पुन्हा करा. तुम्ही म्हणालात, "कोणाला कळणार आहे?"

मला कळलं. तुम्ही मला 'कोणी' मध्ये धरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मग ते वाक्य बोललात. "वहिनी, तुला कोणी शिकवलंय हे सगळं? ऐकून ऐकून शिकलेली तू." हो. ऐकूनच शिकले. तुम्हीही पहिली कविता ऐकूनच शिकलात, आणि ती माझ्याकडूनच ऐकलीत, हे तुमच्या आईनं तुम्हाला सांगायला हवं होतं.

सोमवारी येऊन शेवटचा भाग पुन्हा करा. नाहीतर येऊ नका.

वहिनी

१९ फेब्रुवारी

भाऊजी,

सोमवार आला आणि गेला. दादांच्या हाती तुम्ही निरोप पाठवलात, "वहिनीला सांग, बाईंना शेवट आवडलाय. रडल्या त्या." बाई कांदा चिरतानाही रडत असतील. मी विचारायला गेले नाही.

दादांचं एक मला कळत नाही. तुमच्याकडे जातात, तासभर बसतात आणि परत येऊन म्हणतात, "बरा आहे." काय खातो? "खातो." खोलीत उजेड येतो का? "येतो." तुमच्या घराण्यात सगळे शब्द तुम्हालाच वाटले गेलेत, दादांच्या वाट्याला टरफलं आली. मी तरी कशाला विचारते, माझं मला ठाऊक. सवयीनं तोंडातून निघतं.

परवा बँकेत गेले होते. तिथल्या लिफ्टमध्ये शिरले, तर वरून तुम्ही बोललात, "दार बंद होत आहे, कृपया सांभाळा." मी उलटून म्हटलं, "तू आधी स्वतःला सांभाळ." शेजारचे गृहस्थ दुसऱ्या मजल्यावरच उतरले. त्यांना पाचव्यावर जायचं होतं, बटण त्यांनीच दाबलं होतं.

असो. शिलेदाराविषयी बोलते, कारण तुम्ही त्याचे संवाद वाचलेत, पण त्याची गोष्ट वाचली नाहीत, असं मला आता वाटायला लागलंय.

हा कोण? बाप लढाईत गेला, त्याचं चिलखत अंगावर चढवलेलं पोर. चिलखत दोन बोटं मोठं, म्हणून चालताना खुळखुळतं. बदकांना घाबरतो. आरशाशी लढतो. उथळ पाण्याचा खळखळाट नुसता. तिथवर तुम्ही झकास केलंत, मी नाही म्हणत नाही. अभिनय करावाच लागला नाही.

मग पुलावरची पहिली लढाई. तो पळतो. लोहाराची मुलगी त्याच्या भरवशावर मागे राहिलेली असते, तिच्या पायावर तुळई पडते, ती जन्माची लंगडी होते. इथवर आपलं मुद्रण झालंय. यानंतर जे आहे ते तुम्हाला नकोय.

कारण तिथे टाळ्या नाहीत. तो गावात परत येतो, कोणी त्याच्याशी बोलत नाही. त्या लोहारणीकडे जातो, तोंड उघडतो, तर ती म्हणते, "बोलू नकोस. भाता ओढ." आणि तो भाता ओढतो. भागामागून भाग. हातांना फोड येतात, चिलखत वितळवून ती खिळे पाडते, तो भाताच ओढतो. कुठे भाषण नाही, कुणी साधू भेटत नाही, वीज पडत नाही. एके दिवशी बदकं वाटेत येतात आणि तो वळसा घालून जातो, इतकंच. मुलांना ते दिसणारही नाही. पण माणूस तिथे बदललेला असतो.

तुम्ही मला म्हणालात, "या भागांत मला करायला काहीच नाही." श्वास घ्यायचाय, भाऊजी. अकरा भाग नुसता श्वास घ्यायचाय, आणि प्रत्येक भागात तो जरा वेगळा. सुरुवातीला चिडका, मग थकलेला, मग कामाला लागलेल्या माणसाचा. ते केलंत की शेवटी पुलावर आवाज जड करावा लागत नाही. तो आपसूक खाली बसतो.

ते तुम्हाला झेपणार नाही, असं मला वाटत नव्हतं. आता वाटतं.

वहिनी

२८ फेब्रुवारी

भाऊजी,

ही बातमी दादांकडून कळली तर तुम्ही त्यांच्यावर ओरडाल, म्हणून मीच सांगते.

चॅनेलच्या बाई काल स्टुडिओत आल्या होत्या. मी तुमच्याविषयी चकार शब्द काढला नाही. त्यांनीच विचारलं, "तुमचे दीर आजारी आहेत, त्यांच्या मुलाखती आहेत, ते गावाला गेलेत, ही तुमची तीन कारणं झाली. आता चौथं काय?" मी म्हटलं, त्यांचा घसा बसलाय. त्या म्हणाल्या, "काल लिफ्टच्या कंपनीचं काम करून गेले ना ते?" मी खाली बघितलं. माझ्या वयाच्या बाईला तुमच्यापायी कोणाकोणापुढे खाली बघायला लागतं, ते तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय. बाकी काही अर्थ काढू नका.

तर बाईंनी तोडगा काढलाय. सुरुवातीचे भाग तुमच्याच आवाजात राहणार, कारण मुलांना तो आवाज ओळखीचा आहे. भात्यापासून पुढे दुसरा माणूस बोलेल. शेवटही तोच करील. "पोराचा आवाज फुटतो, तसा याचा बदलला, असं समजतील लोक," असं त्या म्हणाल्या.

म्हणजे काय होतंय ते लक्षात घ्या. ही मालिका पुढची किती वर्षं चालेल कोण जाणे. जेव्हा जेव्हा लागेल तेव्हा तेव्हा आरशाशी लढणारा, बदकांपासून पळणारा, पुलावर पोरीला सोडून जाणारा तो तुमच्या आवाजात बोलेल. आणि परत येणारा दुसऱ्याच्या. तुम्ही कायमचे अर्ध्यावर राहाल.

माणूस जवळजवळ ठरलाय. नाटकातून आवाजाची कामं करतो, पोटासाठी बँकेत आहे. आपण त्याला बँकवाला म्हणू. वेळेवर येतो. पाण्याची बाटली स्वतःची आणतो. मी एकदा सांगितलं की वहीत टिपून घेतो. इतका सज्जन माणूस मी बघितला नाही. डोकं दुखतं त्याच्याशी बोलून.

चाचणी दहा मार्चला आहे. बाई म्हणाल्या, त्या दिवशी तुमचे दीर आले आणि भात्याचा पहिला भाग नीट केला, तर मी दुसऱ्याचा विचार सोडेन. मी म्हटलं, ते येणार नाहीत, त्यांना मी ओळखते.

कळवायचं काम होतं, कळवलं.

वहिनी

६ मार्च

भाऊजी,

तुमचं उत्तर मिळालं. इतक्या पत्रांना मिळून एक ओळ, "दे त्याला." तीही लिफ्टवाल्या कंपनीच्या छापील कागदाच्या मागे.

देते.

तुमचा हेडफोन खिळ्यावर टांगलेला आहे, तो दादा कोणाला लावू देत नाहीत. काल बँकवाल्याने सहज हात लावला, तर दादा म्हणाले, "तो खराब आहे." तो खराब नाही. तुमच्यापायी म्हातारा माणूस खोटं बोलायला लागला. तुमची भावजय महिनाभरात जे खोटं बोलली, ते तर सोडाच.

दहा तारखेला इकडे फिरकू नका. तुम्ही काचेपलीकडे उभे राहून तोंडं वेडीवाकडी केलीत की बिचाऱ्याचा गळा सुकेल. तुमची ती सवय मला माहीत आहे. स्वतः नाचायचं नाही आणि दुसऱ्याचं अंगण वाकडं करायचं.

आईंचं दुखणं चाललं होतं तेव्हाही तुम्ही असेच दाराशी येऊन परत जायचात. त्यावर मी कधी बोलले नाही. आजही बोलत नाही. कळलं ना?

वहिनी

११ मार्च

भोंग्या,

कोणी सांगितलं होतं तुला काल यायला?

मी स्पष्ट लिहिलं होतं, येऊ नकोस. तू आलास. बरं, आलास तर माझ्याकडे बघायचं तरी. दादांच्या मागे त्या मोडक्या स्टुलावर बसलास आणि पायाशी बघत राहिलास. मला वाटलं, आता हा उठेल, माइक हिसकावून घेईल, मोठं नाटक होईल. बाईही तुझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी तुला विचारलंसुद्धा, "करताय का तुम्ही?" आणि तू म्हणालास, "आधी त्यांचं होऊ द्या."

बँकवाल्याचं बोलणं चांगलं झालं. अडलं ते हसण्यापाशी. तुला ठाऊकच आहे तो प्रसंग. शिलेदार भात्याच्या खोलीत येतो, नेहमीसारखं खदखदून हसत बाता मारायला लागतो, आणि ती लोहारीण उठून लंगडत चालताना दिसते. हसू मध्येच तुटतं. आधीच्या भागांतलं हसू तुझं, आणि हे तुटणारं नव्या माणसाचं. जोड तिथेच आहे. आणि या सज्जन माणसाला वेड्यासारखं हसता येत नाही. पावतीवर शिक्का मारावा तसं हसतो. ह. ह. ह. मी तीनदा करून दाखवलं, दादांनी मान खाली घातली. बाई घड्याळ बघायला लागल्या.

मला काय वाटत होतं ते सांगते, लपवत नाही. मला बरं वाटत होतं. म्हटलं, पडू दे याला, मग भोंगा उठेल.

आणि तू उठलास. आत गेलास, दार गादीसारखंच हळू लावलंस. मला वाटलं, झालं, आला माझा शिलेदार घोड्यावर. आणि तू काय केलंस? त्याच्या माइकसमोर उभासुद्धा राहिला नाहीस. बाजूला उभा राहून म्हणालास,

"साहेब, हसायला जाऊ नका. शिंक येणार आहे आणि लग्नात उभे आहात, असं करा."

तो म्हणाला, "लग्नात?"

"हो. स्वतःच्या."

त्याला हसू आलं. खरं हसू. तू म्हणालास, "हेच. आता हे पोटातून काढा," आणि त्याच्या पोटावर हात ठेवलास. त्या माणसाच्या पोटाला आयुष्यात कोणी हात लावला नसेल, असा चेहरा झाला त्याचा. तू त्याला तुझं हसणं शिकवत होतास. कुठे वर चढतं, कुठे मुलांना आवडतं म्हणून तू ते लांबवतोस, कुठे चोरून श्वास घेतोस, सगळं. एकेक काढून त्याच्या हातात देत होतास. तो वहीत टिपायला गेला, तर तू म्हणालास, "वही राहू द्या, वहिनीला बरं वाटावं म्हणून आणता ना ती?" मला काचेपलीकडे ऐकू येतं हे तुला माहीत असतं.

मग भाता. त्याला म्हणालास, "इथे श्वास खांद्यातून नको. आज पहिला दिवस आहे ना याचा, हा अजून चिडलेला आहे, नाकातून घ्या." आणि करून दाखवलंस. नुसता श्वास. एक, मग एक, मग एक. दादांनी आवाज जरा वाढवला. बाई घड्याळ बघायच्या थांबल्या.

भोंग्या, तोच होता तो. मी महिनाभर ज्याच्यासाठी तुला शिव्या घालत होते, तो श्वास. तुला येत होता. कधी शिकलास? त्या खोलीत एकटा बसून? दादा तासभर तुझ्याकडे बसायचे ते काय हेच ऐकायला? विचारलं तर म्हणतात, "बरा आहे."

त्याने तसंच केलं. तुझ्याइतकं नाही, पण त्याचं त्याचं केलं. तू काचेतून बाईंना म्हणालास, "आता जोड दिसणार नाही." आणि हेडफोन खिळ्यावरून काढून त्याच्या गळ्यात घातलास आणि चालू लागलास. मी दारापर्यंत आले, तर तू जिना उतरलेला.

हे काय वागणं झालं? भांडायचं सोडून मधेच असं शहाण्यासारखं करायचं? महिनाभर मी तलवारीला धार लावत बसले आणि तू ढाल खाली ठेवून गेलास.

वहिनी

१२ मार्च

भोंग्या,

काल रागात एक सांगायचं राहिलं. तेच महत्त्वाचं आहे.

तू गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "अजून काही पक्कं केलेलं नाही. मी आता जे ऐकलं, त्यानंतर तुमच्या दिरांनाच द्यावं असं मला वाटतं. तुम्ही म्हणाल तसं." बँकवाला बाहेर पाणी पीत होता. त्याला ऐकू गेलं असावं, कारण तो आत आलाच नाही, तिथेच उभा राहिला.

एक शब्द बोलले असते, तर सगळं तुझं होतं. मधलंही, शेवटही. दादा माझ्याकडे बघत होते, आणि दादांचं तसं बघणं मी आमच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "ज्याला दिलंय त्याचं."

आता तू मला वाटेल ते म्हण. पण तू स्वतःच्या हातानं त्या माणसाला देऊन गेला होतास. ते मी त्याच्याकडून काढून पुन्हा तुझ्या पदरात घातलं असतं, तर परवाचं तुझं सगळं देणं म्हणजे मिळवायची युक्ती ठरली असती. बाईंच्या डोळ्यांत ठरली असती, त्या बिचाऱ्याच्या ठरली असती, आणि महिन्याभराने तुलाही तसंच वाटायला लागलं असतं. तुझं दिलेलं मी लहान होऊ देणार नाही. भले तू त्यापायी जन्मभर बदकांना घाबरत राहिलास तरी.

दादांनी संध्याकाळी तुझा शेवटचा भाग पुसला. "तू बाहेर जा," म्हणाले. मी गेले नाही. उभी राहिले. बटण दाबल्यावर काहीच होत नाही रे, नुसती एक रेघ सपाट होते.

मग मी बाहेर आले आणि जेवण झाल्यावर दादांना विचारलं, "कुठे राहतो तो?" आधी म्हणाले, "जवळच." मी म्हटलं, नीट सांगा, नाहीतर उद्यापासून स्वैपाक तुमचा. तेव्हा सांगितलं. चपलेच्या दुकानावरची खोली, रंग गेलेलं हिरवं दार.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. मला शिकवण्यावरून जे बोललास, त्याचं उत्तर बाकी आहे. दादांना खोटं बोलायला लावलंस, ते बाकी आहे. आणि शिलेदार दुसऱ्याला दिल्याबद्दल मी तुझ्याशी भांडणार आहे, तू माझ्याशी भांडणार आहेस, ते तर सगळंच बाकी आहे. पण हे असं लिहून मला जमत नाही. लिहिताना तू मध्ये तोंड घालत नाहीस, मला सपाट रस्त्यावरून चालल्यासारखं होतं.

उद्या सकाळी येते. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. बाहेर उभं राहून भांडायला मला मुळीच कमीपणा वाटत नाही, चपलेच्या दुकानदाराला वाटला तर वाटू दे.

तुझी वहिनी